न पटणाऱ्या माणसांमध्ये संत तेरेजा



दरवर्षी १ ऑक्टोबरला आपली ख्रिस्तसभा बाळ येशूच्या संत तेरेजेचा सण साजरा करते. तिला आपण 'लिटल फ्लॉवर' म्हणूनही ओळखतो. गोवा, बेळगाव, वडोदरा, हैदराबाद, कुठेही गेलो तरी पुष्कळ चर्चमध्ये तिचा पुतळा किंवा तसबीर दिसते. तपकिरी झगा, वर पांढरी शाल, हातात क्रूस आणि गुलाबाची फुले. चेहरा इतका शांत की पाहणाऱ्याला वाटावे, हिला कधी कोणाचा राग आलाच नसेल. मग मनात येते, घरात सासू-सुनेचे पटत नाही, भावाभावांचे वाटणीवरून बोलणे बंद आहे, कॉयरमधल्या दोघी एका बाकावर बसत नाहीत, अशा आपल्यासारख्यांना या संत स्त्रीचा काय उपयोग?

आम्ही धर्मग्रामाचे स्वयंसेवक घरोघरी प्रार्थनेला जातो, तेव्हा एकच गोष्ट निरनिराळ्या तोंडांनी ऐकतो : समोरचा माणूस बदलला, तर आमच्या घरात शांती येईल. आणि समोरच्या माणसाकडे गेलो, तर तोही हेच म्हणतो. दोन्हीकडे प्रार्थना चाललेली असते, दोन्हीकडे मेणबत्ती पेटलेली असते, आणि दोन्हीकडे वाट पाहणे चालू असते. वर्षे जातात. कधी कधी एका घरातून शवपेटी निघते, तरी बोलणे सुरू झालेले नसते.

म्हणून या वेळी आपण तेरेजेचे चमत्कार बाजूला ठेवू आणि तिच्या आयुष्याच्या एकाच बाजूचा इतिहास पाहू. ज्यांच्याशी तिचे पटत नव्हते, अशा माणसांबरोबर ती एका बंद घरात नऊ वर्षांहून अधिक काळ कशी राहिली? हे सांगायला पुरावा भरपूर आहे. तिने स्वतः लिहिलेल्या वह्या आहेत. शिवाय तिला संतपद देण्यापूर्वी ख्रिस्तसभेने जी चौकशी केली, तिच्यात तिच्याबरोबर राहिलेल्या सिस्टरांनी शपथेवर दिलेल्या साक्षीही आहेत.

एक रडवी मुलगी

तेरेजा मार्तां हिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधल्या आलांसों या गावी झाला. वडील लुई घड्याळजी, आई झेली लेस विणण्याचा धंदा चालवणारी. नऊ मुलांपैकी पाच मुली जगल्या, त्यांत तेरेजा सगळ्यांत धाकटी. ती साडेचार वर्षांची असताना, ऑगस्ट १८७७ मध्ये, आई स्तनाच्या कर्करोगाने वारली. घर लिझ्यू या गावी हलले. थोरली बहीण पॉलीन हिला तेरेजेने दुसरी आई मानले होते. १८८२ मध्ये पॉलीनही कार्मेल मठात निघून गेली.

आई दोनदा गमावलेली ही मुलगी फार हळवी झाली. कोणी जरा बोलले की डोळ्यांत पाणी. आणि रडणे थांबले की आपण रडलो म्हणून पुन्हा रडणे. हे तिने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. अशा माणसाबरोबर राहणे घरच्यांनाही सोपे नसते. काय बोलावे, काय बोलू नये, याचा सगळ्यांना विचार करावा लागतो. आपल्याही घरांत अशी माणसे असतात, आणि आपल्यापैकी कित्येक जण तसे असतो.

१८८६ च्या नाताळच्या रात्री एक साधीशी घटना घडली. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून मार्तां कुटुंब घरी आले. शेकोटीजवळ ठेवलेल्या मुलांच्या बुटांत भेटवस्तू घालायची त्यांच्याकडे रीत होती. तेरेजा चौदा वर्षांची व्हायला आठच दिवस उरले होते, तरी धाकटी म्हणून तिच्यासाठी ही रीत अजून चालू होती. वडील थकले होते. बूट पाहून ते वैतागाने काहीसे असे बोलले की, बरे झाले, हे शेवटचेच वर्ष. जिना चढणाऱ्या तेरेजेने ते ऐकले. बहीण सेलीन हिने ओळखले, आता रडारड होणार. तिने तेरेजेला लगेच खाली जाऊ नको म्हणून सांगितले. पण तेरेजेने डोळे पुसले, ती झपाझप खाली आली, आणि हसत हसत एकेक भेट बाहेर काढू लागली. वडिलांचा थकवा पळाला, तेही हसू लागले.

एवढीच गोष्ट. पण तेरेजेने या रात्रीला आपले खरे परिवर्तन मानले. या घटनेत वडील बदलले नव्हते. त्यांचे बोलणे तेच होते, आणि ते तिला लागलेही होते. बदलले ते त्या बोलण्यावर तिने दिलेले उत्तर. आणि हे बळ आपले नाही, त्या रात्री जन्मलेल्या बाळ येशूने दिलेले दान आहे, असे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली.

पंचवीस जणींचे घर

९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, तेरेजा लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. हा मठ १८३८ मध्ये सुरू झाला होता. आत सुमारे पंचवीस सिस्टर. एकदा आत आले की मरेपर्यंत बाहेर जायचे नाही. भेटायला येणाऱ्यांशी बोलणे जाळीआडून. दिवसाचा बराच वेळ मौन, प्रार्थना आणि काम. गप्पागोष्टींसाठी नेमून दिलेला थोडा वेळ. नॉर्मंडीची थंडी कडाक्याची, आणि ऊब घ्यायला एकच खोली.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, मठ म्हणजे स्वर्ग. पण तिथेही माणसेच राहत होती. कोणी मोठ्या घराण्यातून आलेली, कोणी शेतकऱ्याच्या घरातून. कोणी हुशार, कोणी मंद. कोणी आजारी, कोणी कुरकुरी. मठप्रमुख मदर मारी द गोंझाग कर्तबगार होत्या, पण त्यांचा स्वभाव लहरी होता, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे त्या तेरेजेशी कडकपणे वागल्या. त्यातच मार्तां घराण्यातल्या चार सख्ख्या बहिणी आणि एक मामेबहीण अशा पाच जणी हळूहळू त्याच मठात आल्या. त्यामुळे इतरांच्या मनात काय येत असेल, याची कल्पना करता येते. १८९३ मध्ये पॉलीन मठप्रमुख झाली. १८९६ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा मदर गोंझाग यांची निवड व्हायला मतदानाच्या सात फेऱ्या लागल्या. पंचवीस जणींच्या घरात एवढ्या फेऱ्या म्हणजे मने किती दुभंगलेली असतील!

आपल्या एकत्र कुटुंबासारखेच हे घर होते. सोबत कोण असावे हे कोणी निवडले नव्हते, आणि उठून जाण्याची सोय नव्हती.

जिचे काहीच आवडत नव्हते ती सिस्टर

त्या मठात एक सिस्टर होती. तिचे बोलणे, वागणे, स्वभाव, काहीच तेरेजेला आवडत नसे. त्या सिस्टरने काही अपराध केला होता असे नाही. ती भली, देवभीरू बाई होती. केवळ तिचे असणेच तेरेजेला खटकत होते. आपल्यालाही असे होते. कारण विचारले तर सांगता येत नाही, पण ते माणूस समोरून आले की कपाळाला आठी पडते.

तेरेजेने काय केले, ते तिच्या वहीत आहे. प्रीती ही भावनेत असून भागत नाही, ती कृतीत दिसली पाहिजे, असे तिने मनाशी ठरवले. मग ज्या माणसावर आपले सर्वांत जास्त प्रेम आहे त्याच्यासाठी जे केले असते, ते सगळे ती या सिस्टरसाठी करू लागली. ती भेटली की दर वेळी तिच्यासाठी देवाकडे प्रार्थना करायची, आणि तिच्यातल्या चांगल्या गुणांबद्दल देवाचे आभार मानायचे. करता येईल ते काम तिचे करून द्यायचे. ती काही टोचणारे बोलली आणि उलट उत्तर जिभेवर आले, तर हसायचे आणि विषय बदलायचा. आणि जेव्हा हेही जमेनासे व्हायचे, तेव्हा रणांगणातून पळणाऱ्या शिपायासारखे तिथून सरळ निघून जायचे.

एके दिवशी गप्पांच्या वेळी त्या सिस्टरने आनंदाने विचारले की, मला पाहिले की तुम्ही नेहमी हसता, तुम्हाला माझ्यात एवढे काय आवडते? तेरेजेने तिला सांगितले की, तुम्हाला पाहून मला आनंद होतो. मनात ती म्हणत होती, मला हिच्या अंतःकरणात राहणारा येशू आवडतो. तो जिथे असतो तिथे कडू तेही गोड होते.

तेरेजेची सख्खी थोरली बहीण मारी हिला तर वाईट वाटत असे, की ही आपल्यापेक्षा त्या सिस्टरवरच जास्त माया करते! कोणालाच खरी गोष्ट कळली नव्हती. आज इतिहासाला त्या सिस्टरचे नाव माहीत आहे : संत ऑगस्टिनची सिस्टर तेरेजा. पुढे चौकशीत तिने साक्ष दिली, आणि आपल्या आठवणीही लिहिल्या. त्यांना तिने पवित्र मैत्रीच्या आठवणी म्हटले.

इथे कोणी विचारील, हे ढोंग नाही का? मनात एक आणि चेहऱ्यावर एक? आम्हाला वाटते, ढोंगाची एक साधी खूण आहे. ढोंगी माणूस समोर हसतो आणि पाठ फिरली की बोलतो. तेरेजा समोर हसली आणि पाठीमागे प्रार्थना करत राहिली. मनाची नावड तिने देवापासून लपवली नाही, फक्त त्या नावडीला हातापायांवर आणि जिभेवर सत्ता चालवू दिली नाही. आई रात्री झोपमोड करून आजारी मुलाजवळ बसते, तेव्हा तिला झोप येतच असते. म्हणून तिचे बसणे कोणी ढोंग म्हणत नाही.

म्हातारीचा हात धरून

त्याच मठात सिस्टर सेंट पिएर नावाची एक वृद्ध, संधिवाताने जखडलेली सिस्टर होती. रोज संध्याकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना, सगळ्या जणी प्रार्थनेत बसलेल्या असत, तेव्हा तिला भोजनगृहाकडे घेऊन जावे लागे. तिचे समाधान करणे कठीण म्हणून हे काम कोणाला नको असायचे. तेरेजेलाही नको होते, पण ती नवीन असतानाच स्वतःहून पुढे झाली.

मग रोजचा क्रम सुरू झाला. म्हातारीने आपले वाळूचे घड्याळ हलवले, की उठायचे. आधी तिचे बसायचे स्टूल ठरावीक पद्धतीने उचलायचे. घाई करायची नाही. मग मागून तिच्या कमरपट्ट्याला आधार देत हळूहळू चालायचे. जरा वेगाने चालले, तर ती पडणार म्हणून ओरडायची. जरा मागे राहिले, तर हात सुटला म्हणून ओरडायची. शिवाय इतक्या लहान मुलीला हे जमणार नाही, हे पालुपद होतेच. भोजनगृहात पोचल्यावर तिला नीट बसवायचे आणि तिच्या बाह्या तिच्याच पद्धतीने दुमडायच्या, मग निघायचे.

काही दिवसांनी तेरेजेच्या लक्षात आले, की दुखऱ्या हातांनी म्हातारीला पाव कापता येत नाही. कोणी सांगितले नव्हते, तरी ती रोज पाव कापून देऊन मगच जाऊ लागली. निघण्यापूर्वी एकदा तिच्याकडे पाहून हसू लागली. म्हातारीचे मन जिंकले गेले ते त्या पावाने आणि त्या हसण्याने, असे तेरेजा लिहिते.

आमच्या मते या प्रसंगातला खरा क्षण पाव कापण्याचा आहे. जोपर्यंत म्हातारीची कटकट ऐकू येत होती, तोपर्यंत तिचे हात दिसले नव्हते. मन थोडे शांत झाल्यावर तिची अडचण दिसली. दृष्टी बदलते ती अशी. आधी काम करायला घ्यायचे, मग दिसू लागते. आपण मात्र उलट्या क्रमाची वाट पाहत बसतो, की आधी मन साफ होऊ दे, मग मी त्यांच्या घरी जाईन.

लहान गोष्टी आणि माघार

संध्याकाळच्या ध्यानाच्या वेळी तेरेजेच्या मागे बसणारी एक सिस्टर तोंडाने चमत्कारिक आवाज करत असे, दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा. इतर कोणाला तो ऐकू येत नव्हता, पण तेरेजेचे कान तीक्ष्ण होते. मागे वळून एकदा रोखून पाहावे, असे तिला फार वाटे. ती वळली नाही. सहन करताना तिला घाम फुटे आणि प्रार्थना सुचत नसे. शेवटी तो आवाज ऐकायचा नाही म्हणून धडपडण्याऐवजी ती तो मन लावून ऐकू लागली, जणू तेच संगीत आहे, आणि तेच तिने येशूला अर्पण केले.

धुण्याच्या दिवशी समोरची सिस्टर हातरुमाल आपटताना तिच्या तोंडावर मळके पाणी उडवत असे. मागे सरून चेहरा पुसावा, म्हणजे समोरचीला कळेल, हा पहिला विचार तिच्याही मनात आला. तिने तो सोडून दिला.

या गोष्टी वाचून हसू येते. पण घरे मोडतात ती बहुधा अशाच गोष्टींनी. जोरात लावलेले दार, न विचारता बंद केलेला पंखा, जेवताना होणारा आवाज, मिस्सेला निघताना रोज होणारा उशीर. मोठ्या अपराधाची क्षमा करायला आपण कधी तरी तयार होतो, पण रोजच्या खटकणाऱ्या सवयीची क्षमा रोज करावी लागते.

आणि तेरेजेला नेहमी जमत होते, असेही नाही. एकदा मदर गोंझाग खोकल्याने आजारी होत्या. त्यांच्या खोलीत किल्ल्या परत ठेवायचे काम तेरेजेचे होते. दुसऱ्या एका सिस्टरला वाटले, हिने आत गेले तर मदर जाग्या होतील. ती किल्ल्या मागू लागली. दोघींच्या गडबडीत मदर जाग्या झाल्या, आणि त्या सिस्टरने सगळा दोष तेरेजेवर टाकला. तेरेजेला आपली बाजू मांडायची इतकी तीव्र इच्छा झाली, की आता इथे उभे राहिलो तर भांडण होणार, हे तिने ओळखले. ती काही न बोलता निघून गेली. पण छाती इतकी धडधडत होती की लांब जाता येईना. ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

जिन्यावर बसलेली ही संत तेरेजा आमच्या फार उपयोगाची आहे. तिथे शांत चेहरा नाही, गुलाब नाहीत. आहे ती एक तरुण मुलगी, जी आपली ताकद किती आहे हे ओळखून माघार घेते. भांडण जिंकण्यापेक्षा ते न होऊ देणे तिने मोठे मानले.

चुकीचा न्याय

दुसऱ्याबद्दलचे मत कसे बदलायचे, हे तेरेजा एका छोट्या प्रसंगातून शिकली. नाताळच्या सुमारास गप्पांच्या वेळी, झाडाच्या फांद्या आत घ्यायला मदतीला कोणी तरी या, असा निरोप आला. तेरेजेला जायची इच्छा होती. पण शेजारच्या सिस्टरलाही जायला आवडेल असे वाटून, तिला पुढे जाता यावे म्हणून, तेरेजा आपला कामाचा एप्रन मुद्दाम हळूहळू सोडू लागली. ते पाहून एक सिस्टर हसत म्हणाली, मला वाटलेच, हिची मदत करायची काही इच्छा नाही. आणि सगळ्यांनी ते खरे मानले.

तेरेजेला त्यातून दोन धडे मिळाले. माझ्या चांगल्या हेतूला लोक दुर्गुण समजू शकतात, तर दुसऱ्याचा जो दुर्गुण मला दिसतो, त्यामागेही चांगला हेतू असू शकेल. आणि ज्याला लोक माझा गुण म्हणतात, ती कदाचित माझी उणीव असेल. न्याय करणारा प्रभू आहे. आपल्याला माणसाचा हात दिसतो, हेतू दिसत नाही.

सुनेने ताट उशिरा वाढले, यामागे तिचा माज आहे की तिची कंबर दुखते आहे? भाऊ सणाला आला नाही, यामागे राग आहे की खिशात प्रवासाचे पैसे नाहीत? विचारल्याशिवाय कसे कळणार?

गप्प बसणे म्हणजे प्रीती नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हा उपदेश चुकीच्या माणसाच्या गळ्यात बांधला जातो. नवरा दारू पिऊन हात उगारतो, आणि नातेवाईक बायकोलाच म्हणतात, तू आपला स्वभाव बदल, संत व्हायला शीक. तेरेजेच्या आयुष्यातून असा अर्थ निघत नाही. आवाज, पाणी, कुरकुर, या गोष्टी तिने सोसल्या. पण जिथे दुसऱ्याचे खरे नुकसान होत होते, तिथे ती बोलली.

तिच्याबरोबर नवशिकी असलेली सिस्टर मार्था मदर गोंझाग यांच्या इतकी आहारी गेली होती, की स्वतःचे मनच तिला उरले नव्हते. १८९२ मध्ये तेरेजेने तिला एकांतात गाठून, मायेने पण स्पष्टपणे, ही गोष्ट दाखवून दिली. हे मदरच्या कानावर गेले असते तर तेरेजेला कदाचित दुसऱ्या मठात पाठवले गेले असते, आणि ते माहीत असून ती बोलली. मार्थाने ते मानले. पुढे नवशिक्यांची जबाबदारी आल्यावरही, कोणाला चूक दाखवणे तिच्या जिवावर येई, तरी तिने ते टाळले नाही.

तेव्हा स्वतःची वृत्ती बदलणे म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. ज्या घरात मारहाण आहे, जिवाला धोका आहे, तिथे आधी सुरक्षित जागी जाणे, फादरांना, वडीलधाऱ्यांना, गरज पडली तर पोलिसांना सांगणे, यात प्रीतीविरुद्ध काही नाही. राग जिरवायला बोलणे वेगळे आणि समोरच्याच्या भल्यासाठी बोलणे वेगळे. तेरेजेने हा फरक ओळखला होता.

आणखी एक गोष्ट. तिच्या प्रीतीने सगळे सुधारले, असेही नाही. सिस्टर सेंट जोसेफ नावाची एक सिस्टर मनाने अस्वस्थ होती. तिचे राग अनावर होत, म्हणून तिच्याबरोबर कपड्यांच्या खोलीत काम करायला कोणी तयार नसे. १८९६ मध्ये तेरेजेने ते काम मागून घेतले, आणि शेवटच्या आजारापर्यंत तिला धीर देत राहिली. तरी ती सिस्टर पूर्ण बरी झाली नाही. १९०९ मध्ये तिला मठ सोडावा लागला. मग तेरेजेची प्रीती वाया गेली का? एका दुःखी जिवाला त्या खोलीत एक माणूस असे मिळाले, जे तिला टाळत नव्हते. ते कसे वाया जाईल? समोरचा किती बदलला, यावर आपल्या प्रीतीचा हिशेब मांडायचा नसतो.

शेवटची वही

१८९६ च्या गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तेरेजेच्या तोंडातून प्रथमच रक्त आले. क्षयरोग होता. त्याच ईस्टरच्या सुमारास तिच्या श्रद्धेवर काळोख पसरला. स्वर्ग आहे की नाही, असे विचार तिला छळू लागले, ते शेवटपर्यंत. म्हणजे आपण वर पाहिलेल्या प्रसंगांपैकी काही अशा दिवसांतले आहेत, जेव्हा मनाला गोडवा, दिलासा, काहीच मिळत नव्हते.

जून १८९७ मध्ये, मृत्यूला चार महिने उरले असताना, मदर गोंझाग यांच्या सांगण्यावरून तिने शेवटची वही लिहायला घेतली. म्हणजे ज्या मदर तिच्याशी कडकपणे वागल्या होत्या, त्यांनाच उद्देशून तिने शेजाऱ्यावरील प्रीतीची ही पाने लिहिली. बागेत, वडिलांच्या आजारपणातल्या चाकांच्या खुर्चीवर बसून ती लिहीत असे. येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टर दर थोड्या वेळाने तिच्याशी बोलायला थांबत, आणि तिला दोन ओळी सलग लिहिता येत नसत. प्रीतीबद्दल लिहिताना प्रीती करण्याची संधी येते, यात वाईट काय, असे म्हणून ती वही मिटून त्यांच्याकडे वळे.

याच वर्षी आपल्याला प्रीतीची आज्ञा खरी समजली, असे ती सांगते. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांना एकमेकांवर प्रीती करायला सांगितले, ते नुसती स्वतःसारखी नव्हे, तर त्याने त्यांच्यावर केली तशी. आणि त्याने कशी केली? ते अडाणी होते, पळून जाणारे होते, तरी त्याने त्यांना मित्र म्हटले. एवढी प्रीती माझ्याजवळ नाही, हे तेरेजेला माहीत होते. म्हणून तिने येशूलाच विनवले, की तू माझ्यातून त्यांच्यावर प्रीती कर. तिची सगळी वाट याच विनवणीवर उभी आहे. स्वभाव आवळून धरला तर तो चार दिवस धरता येतो. देवाला आत जागा दिली तर तो रोज नवे बळ देतो.

वहीची शेवटची पाने पेन्सिलीने लिहिली आहेत, कारण हातात टाक धरण्याचे बळ उरले नव्हते. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती देवाघरी गेली. वर्षभराने तिच्या वह्यांचे पुस्तक दोन हजार प्रतींत छापले गेले, आणि मठाबाहेर कोणाला माहीत नसलेली ही मुलगी जगभर पोचली. १७ मे १९२५ रोजी पोप अकरावे पायस यांनी तिला संत घोषित केले. १९९७ मध्ये पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य ही पदवी दिली.

आपल्या भागाला जवळची गोष्ट आहे ती १९२७ ची. त्या वर्षी तेरेजेला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले गेले. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले, आणि दहा वर्षांत मोलुक्का बेटे आणि जपान गाठून चीनच्या दारात वारले. त्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात बॉम जेझूमध्ये आहेत, आणि ३ डिसेंबरच्या फेस्ताला आपल्यातले कित्येक जण तिथे जातात. मृत्यूच्या वर्षी, मार्च महिन्यात, तेरेजेनेही त्यांचा नोव्हेना केला होता. एकाने समुद्र ओलांडले. दुसरी प्रार्थनेच्या जागेपासून भोजनगृहापर्यंत एका म्हातारीला धरून चालत राहिली. ख्रिस्तसभेने दोघांना एकाच ओळीत बसवले. तेव्हा आपले मिशनक्षेत्र लांब नाही. ते कदाचित स्वयंपाकघरात आहे, कदाचित भिंतीपलीकडे.

बंधुभगिनींनो, या आठवड्यात आपण प्रत्येकाने एकच नाव मनात घेऊ या. त्या नावाने रोज एक 'नमो मरिया' म्हणू या. त्या माणसाचा एक तरी चांगला गुण शोधून देवाचे आभार मानू या. न बोलता करता येईल असे एक लहान काम त्याच्यासाठी करू या. जीभ आवरत नसेल, तर जिन्यावर जाऊन बसू या. आणि तो माणूस बदलला का, हे आठवड्याच्या शेवटी मोजायला बसू नये. तो हिशेब प्रभूचा आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, जी माणसे तू माझ्याजवळ ठेवली आहेस, ती मी निवडलेली नाहीत, तू दिलेली आहेस. त्यांच्यावर प्रीती करायला माझे मन अपुरे आहे. तुझे मन माझ्यात ठेव. माझ्या जिभेला थांबायला शिकव, माझ्या हातांना पुढे व्हायला शिकव, आणि त्यांच्या चेहऱ्यात मला तुझा चेहरा दिसू दे. बाळ येशूच्या संत तेरेजे, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.